पंप बदलू नका, आधी हवा कुठून शिरते ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अलिबागजवळ नागावला वाडीत बंगला, त्यात १० बाय ५ मीटरचा पोहण्याचा तलाव. एक स्किमर (पाण्याच्या पातळीवरचा, पृष्ठभागावरचं पाणी आणि कचरा ओढून घेणारा डबा), तळाला मेन ड्रेन, दीड एचपीचा पंप, सँड फिल्टर. पंपाची खोली तलावापासून बारा मीटरवर आणि पंप पाण्याच्या पातळीपेक्षा हातभर उंच. पावसाळाभर सगळं बंद होतं. ऑक्टोबरात सुरू केल्यापासून पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली पाणी अर्धंच दिसतं, तलावात परत येणाऱ्या पाण्याबरोबर बुडबुडे येतात, फिल्टरवरच्या गेजचा काटा थरथरतो आणि रोज सकाळी पंप पाणी उचलायला पाच-सात मिनिटं घेतो. मेकॅनिकनं आधी सील बदललं, मग झाकणाची रिंग बदलली. आता तो दोन एचपीचा नवा पंप घ्या म्हणतोय.

पंप घेऊ नका. तुम्ही सांगितलेली चारही लक्षणं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: सक्शनच्या बाजूला, म्हणजे तलावाकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपात, कुठेतरी हवा आत शिरते आहे. पंप मोठा केला तर ती आणखी जोरात शिरेल. वीस वर्षांहून जास्त काळ मी हेच काम करतोय आणि निम्म्याहून जास्त वेळा ‘पंप गेला’ म्हणून बोलावणं येतं तेव्हा पंप धडधाकट असतो.

मेकॅनिक चुकला कुठे, तर तो ओल शोधत बसला. पंपाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे फिल्टरकडे जाणाऱ्या पाइपात, पाणी दाबाखाली असतं. तिथे फट असेल तर पाणी बाहेर ठिबकतं आणि डोळ्यांना दिसतं. पंपाच्या मागच्या बाजूला उलटं असतं. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि तलावावरची हवा पाणी पाइपातून ढकलत आणते. त्यामुळे सक्शनला फट असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. फरशी कोरडी ठणठणीत राहते. विहिरीवरची मोटर ज्यांनी चालवली आहे त्यांना हे कळायला वेळ लागत नाही. सक्शनचा जॉइंट ढिला झाला की मोटर एअर घेते, आणि त्या जॉइंटवर थेंबसुद्धा दिसत नाही.

हवेचा हा दाब अमर्याद नाही. समुद्रकाठी तो पाण्याच्या साधारण १०.३ मीटर उंचीइतका भरतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, तिथे तो पावणेनऊ मीटरच्या आसपास उरतो. म्हणून नागावला जो पंप जेमतेम चालतो तोच वर घाटमाथ्यावर कुरकुरतो. तुम्ही समुद्रसपाटीला आहात, तेवढी गोष्ट तुमच्या बाजूनं आहे.

आता कामाला लागू. काहीही खोलण्याआधी एक गोष्ट ठरवायची: हवा शिरते आहे की पाणी अडतं आहे? दोन्हींत पंप कमी पाणी देतो, दोन्हींत फिल्टरचा दाब पडतो, आणि म्हणून लोक दोन्हींचा घोळ घालतात. पंपाच्या त्या पारदर्शक झाकणाच्या डब्यात कचरा अडवणारी बास्केट असते; त्या डब्याला खाली पाणी काढायचा एक छोटा प्लग असतो. तो काढून तिथे एक व्हॅक्यूम गेज बसवा. हार्डवेअरच्या किंवा गेज विकणाऱ्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो आणि तो नसताना बाकी सगळं अंधारात चाचपडणं आहे. गेज ० ते ७६० मिमी पारा असा असतो; १०० मिमी म्हणजे पाण्याची साधारण १.३६ मीटर ओढ. तुमच्यासारख्या मांडणीत सगळं स्वच्छ असताना काटा शंभर ते दोनशेच्या दरम्यान स्थिर राहायला हवा. काटा साडेतीनशे-चारशेवर चढला आणि फिल्टरचा दाब पडलेला असेल तर मागे कुठेतरी पाणी अडलं आहे: बास्केट भरलेली, स्किमरच्या तोंडात पान, व्हॉल्व्ह अर्धवट बंद. पंपातून वाळू दळल्यासारखा आवाज येत असेल तर हेच जास्त संभवतं. ओढ फार वाढली की पाणी पंपाच्या आतच उकळल्यासारखं होऊन वाफेचे बुडबुडे फुटतात, तो आवाज तो. काटा खाली, पन्नासच्या आसपास डुलत असेल, दाबही कमी आणि झाकणाखाली हवा दिसत असेल तर फट आहे. काटा खाली, दाब कमी, पण झाकणाखाली पाणी काठोकाठ आणि हवेचा मागमूस नाही, तर इम्पेलरमध्ये, म्हणजे पंपातल्या पाणी फेकणाऱ्या पात्यांच्या चाकात, काहीतरी अडकलं आहे.

हा शेवटचा प्रकार तुमच्याकडे अगदीच अशक्य नाही. नागावच्या किनाऱ्याला सुरूची झाडं आहेत. सुरूची सुईसारखी पानं बास्केटच्या भोकांतून उभी निसटतात आणि इम्पेलरच्या पात्यांमध्ये गवताच्या पेंढीसारखी दाटून बसतात. बास्केट काढाल तेव्हा वीज मेन स्विचला बंद करून आत बोट घालून बघा. पण झाकणाखाली हवा दिसते आहे, त्यामुळे मुख्य दुखणं फटीचंच आहे असं मी धरून चालतो.

सगळ्यात आधी पाण्याची पातळी. स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर पाणी हवं. पंप चालू असताना स्किमरचं झाकण उघडून आत बघा. पाण्याला भोवरा पडत असेल आणि त्याच्या मधोमध हवेची दोरी खाली जात असेल तर तुमचा शोध तिथेच संपला. पातळी बरोबर असूनही भोवरा पडत असेल तर स्किमरची फडफडणारी झडप वर अडकली आहे का, ते बघा. पावसाळाभर बंद राहिलेल्या झडपा अडकतातच. (पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये ओव्हरफ्लो तलाव असतात, तिथे स्किमर नसतो, काठावरून सांडणारं पाणी जमा करणारी बॅलन्सिंग टँक असते. तिथे हाच भोवरा टाकीत पडतो आणि कुणी टाकीत डोकावत नाही. रविवारी पोरं पाण्यात असताना सगळं ठीक, सोमवारी पंप हवा घेतो, अशी तक्रार असेल तर थेट टाकीची पातळी बघावी. माणसं बाहेर पडली की काठावरून सांडणारं पाणी कमी होतं आणि टाकी उतरते.)

पुढे झाकण. रिंग बदलली आहे असं तुम्ही म्हणता, पण रिंग नवी असणं पुरेसं नाही. ती ज्या खाचेत बसते ती खाच नखानं तपासा. वाळूचा एक कण किंवा जुन्या रिंगचा चिकटलेला तुकडा पुरतो. झाकण उन्हात धरून बारीक तडा आहे का बघा. तडे बहुधा हँडलच्या मुळाशी असतात, कारण हाताला फिरत नाही म्हणून लोक पान्यानं ठोकतात. रिंगला कोणतं वंगण लावलं हेही विचारा. पेट्रोलियम जेली किंवा गाडीचं ग्रीस लावलं असेल तर ती रिंग पुन्हा बदला, कारण त्यानं रबर फुगून सैल होतं. सिलिकॉन ग्रीसच लावायचं, तेही रिंगवर नुसती चमक येईल इतकंच. रिंग मूळ पंपाचीच आहे ना? ‘जवळपास सेम’ म्हणून मिळालेली रिंग अर्धा मिलिमीटर बारीक असते आणि तेवढ्यात खेळ संपतो.

झाकणाची परीक्षा अशी घ्या: पंप चालू असताना झाकणाच्या कडेनं बागेच्या पाइपानं हळूहळू पाणी सोडत राहा. हवेच्या जागी पाणी आत जायला लागलं की झाकणाखालचे बुडबुडे काही सेकंद थांबतात. थांबले तर फट तिथेच. गेज बसवला तो प्लगही याच वेळी भिजवून बघा.

आता माझा सगळ्यात जास्त संशय जिथे आहे तिथे येऊ. तलावाकडून येणारा पीव्हीसी पाइप पंपात जिथे शिरतो तिथे आट्यांचा एक तुकडा असतो, आपण त्याला एमटीए म्हणतो. तुमची मोटर रोज सकाळी पाच-सात मिनिटं पाण्याविना फिरते. पंपात अडकलेलं थोडं पाणी त्या वेळात तापतं, कधीकधी हात लावता येत नाही इतकं. पीव्हीसी साठ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. आट्या मऊ होतात, आकसतात आणि थंड झाल्यावर पहिल्या मापावर येत नाहीत. मग तिथून हवा जाते. हवा गेली की पंप पुन्हा उशिरा पाणी उचलतो, पुन्हा तापतो, आट्या आणखी आकसतात. पहिला दोष भले स्किमरच्या भोवऱ्याचा असेल, तो दुरुस्त केल्यावरही हा दुसरा दोष मागे राहतो. पंपावर पंप बदलूनही त्रास जात नाही तो यामुळेच, कारण नवा पंप बसवताना तोच जुना तुकडा पुन्हा टेप गुंडाळून लावला जातो.

कर्जतजवळच्या एका फार्महाउसवर मी हेच तीन फेऱ्यांत शिकलो. पहिल्या फेरीत झाकण, दुसऱ्या फेरीत व्हॉल्व्ह. तिसऱ्या वेळी वैतागून तो तुकडा उघडून बघितला तर शेवटच्या तीन आट्या मेणासारख्या वितळून गुळगुळीत झालेल्या. बाहेरून कुणी टेपवर इपॉक्सी पुटी थापलेली होती, त्यामुळे नजरेला सगळं पक्कं वाटत होतं. तेव्हापासून पंप कोरडा फिरल्याचं कळलं की मी तो तुकडा न विचारता बदलतो. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे.

बदलताना पंपाच्या तोंडच्या आट्या कापडानं पुसून कोरड्या करा. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळा, पाच-सहा वेढे. हातानं घट्ट करा आणि मग पान्यानं एक फेरी, फार तर सव्वा. जास्त आवळलं तर पंपाच्या तोंडालाच तडा जातो आणि तेव्हा मात्र खरंच पंप बदलावा लागतो. शक्य असेल तर पंपाच्या अलीकडे युनियन, म्हणजे नटानं खोलता येणारा जोड, टाका, म्हणजे पुढच्या वेळी पाइप कापावा लागणार नाही. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावलेले जॉइंट चोवीस तास तसेच राहू द्या. मोठ्या जॉइंटला घाई केली की सोल्युशन आत ओलंच राहतं आणि पंप त्यातूनच हवा खेचतो.

व्हॉल्व्हच्या दांड्याकडे कुणी बघत नाही. स्किमर आणि मेन ड्रेनच्या लाइनवरचे बॉल व्हॉल्व्ह बाहेरून धड दिसतात, पण मूठ ज्या दांड्यावर फिरते त्याभोवती एक लहान ओ-रिंग असते. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि क्लोरिनच्या वाफेत ती कडक होते. इथे दाढीचा फेस कामाला येतो. पंप चालू ठेवून दांड्याभोवती, युनियनच्या नटाभोवती, प्रत्येक जॉइंटवर फेसाचा जाड थर द्या आणि दोन मिनिटं नुसतं बघत राहा. फट असेल तिथे फेसात खळी पडते, फेस आत ओढला जातो. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे बघणारे लोक मला भेटतात. सक्शनला बुडबुडे यायचे नाहीत, हवा आत जाते आहे, बाहेर येत नाही.

एवढं करूनही सापडलं नाही तर लाइन वेगळी करा. त्याआधी तलावात कुणीही नाही याची स्वतः खात्री करा, आणि कुणी येणार नाही म्हणून एका माणसाला काठावर उभं करा. स्किमर बंद केला की सगळी ओढ मेन ड्रेनवर येते आणि तुमच्याकडे ड्रेन एकच आहे. त्याची जाळी तुटलेली असेल तर लहान मुलाला ती ओढ सुटत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशीच गेली आणि तिच्या नावानं २००७ मध्ये तिथे कायदा झाला, ज्यानं सार्वजनिक तलावांच्या ड्रेनला माणूस न अडकणारी झाकणं सक्तीची केली. तुमचा बंगला भाड्यानं जातो, अनोळखी मुलं पाण्यात उतरतात. तुमच्या ड्रेनवर सपाट जाळी असेल तर ती बदलून फुगीर, अडकू न देणारी जाळी बसवा. हे काम हवेच्या फटीच्या आधी करा.

तर, आधी स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करून मेन ड्रेनवर पंप चालवा. बुडबुडे थांबले तर दोष स्किमरच्या लाइनमध्ये. मग उलट करून बघा. दोन्हीवर बुडबुडे तितकेच असतील तर फट दोन्ही लाइनी जिथे एकत्र येतात तिथून पंपापर्यंतच्या टप्प्यात आहे. तो टप्पा तुमच्या पंपाच्या खोलीत, जमिनीवर, हाताशी आहे, म्हणून मी आधी सगळा वेळ तिथे घालवायला सांगितलं. खातरी करायला दोन्ही व्हॉल्व्ह दहा-पंधरा सेकंद बंद करून झाकणाखाली बघा. त्याहून जास्त नको. ओढ एकदम वाढते, आणि बारीक फटही त्या क्षणी उघडी पडते.

दोष जमिनीखालच्या लाइनमध्ये निघाला तर लगेच फरशी फोडू नका. लाइनचं तलावाकडचं तोंड रबरी प्लगनं बंद करा, पंपाकडून पाणी भरा आणि ०.५ ते ०.७ किलोचा दाब देऊन अर्धा तास काटा बघा. हवेनं दाब देऊ नका. दाबलेली हवा प्लग बंदुकीच्या गोळीसारखा उडवते. काटा पडला तर फट नक्की. बहुतेक वेळा ती स्किमरच्या बुडाशी असते. जमीन पावसात फुगते, उन्हात बसते, आणि काँक्रीटमध्ये पक्का धरलेला स्किमर आणि मातीतला पाइप यांच्यामधला जॉइंट मोडतो. म्हणजे खणायचं झालंच तर आधी तिथे.

सकाळच्या उशिराबद्दल. रात्री पंप बंद झाला की त्याच फटीतून हवा आत जाते आणि पाइपातलं पाणी तलावाच्या पातळीपर्यंत उतरतं. तुमचा पंप हातभर उंच आहे, म्हणून सकाळी तो रिकामा. फट बंद झाली की हेही बहुतांशी थांबेल. तोवर रोज झाकण उघडून डबा पाण्यानं काठोकाठ भरा आणि मगच चालू करा. तीन मिनिटांत पाणी आलं नाही तर बंद करा. यामुळे नवं बसवलेलं सील वाचेल, कारण सीलच्या दोन चकत्या पाण्यावरच फिरतात. कोरड्या फिरल्या तर काही मिनिटांत जळतात. तुमचं पहिलं सीलही बहुधा असंच गेलं असावं.

तुमचा पंप थ्री फेज असेल तर एक छोटी तपासणी. पावसाळ्यात डीपीवर किंवा जनरेटरच्या चेंजओव्हरवर काही काम झालं होतं का? फेज उलटले की पंप उलटा फिरतो, आवाज नेहमीचाच येतो, पाणी मात्र नावाला. मोटरचा पंखा बंद होताना कोणत्या दिशेनं फिरतो ते पंपावरच्या बाणाशी ताडून बघा.

आता दोन एचपीचा हिशेब. तुमच्या तलावात सरासरी १.४ मीटर खोली धरली तर ७०,००० लिटर पाणी आहे. सहा तासांत ते एकदा फिल्टरमधून फिरवायला तासाला १२ घनमीटर लागतात. तुमचा सक्शन पाइप दोन इंची, ६३ मिमीचा आहे. सक्शनला पाणी सेकंदाला १.८ मीटरपेक्षा जोरात जाऊ नये असा या धंद्यातला दंडक आहे, त्या हिशेबानं हा पाइप तासाला सुमारे १६ घनमीटर नेतो. म्हणजे दीड एचपी तुम्हाला पुरेसा आहे, आणि त्याहून मोठा पंप या पाइपाला झेपणारा नाही. प्रवाह दीडपट केला तर पाइपातलं घर्षण सव्वादोनपट होतं, ओढ वाढते, आणि आज ज्या फटीतून थोडी हवा जाते तिथून उद्या जास्त जाईल. वाळूच्या फिल्टरलाही मर्यादा असते. जास्त वेगानं पाणी गेलं की घाण वाळूत न थांबता सरळ तलावात परत येते.

दुरुस्ती झाल्यावर पंप पहिल्यांदा चालू करताना फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा कॉक उघडा ठेवा आणि स्वतः बाजूला उभे राहा, फिल्टरवर वाकून नाही. इतके दिवस शिरलेली हवा टाकीत वरच्या बाजूला साठलेली असते. पाणी दबत नाही पण हवा दबते, आणि दबलेल्या हवेनं क्लँप निसटून फिल्टरची टोपी उडाल्याचे प्रकार घडतात. कॉकमधून हवेचा फुसफुसाट थांबून सलग पाण्याची धार आली की कॉक बंद करा. पहिली एक-दोन मिनिटं तलावात थोडे बुडबुडे येतील, ते पाइपातले उरलेले. त्यानंतर झाकणाखाली पाणी काठोकाठ, काचेसारखं स्वच्छ दिसायला हवं, व्हॅक्यूमचा काटा स्थिर हवा आणि फिल्टरचा दाबही. ते दोन्ही आकडे त्याच दिवशी पंपाच्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवा. पुढच्या ऑक्टोबरात तलाव उघडाल तेव्हा मेकॅनिकला आधी ते आकडे दाखवा, आणि व्हॅक्यूमचा काटा त्याहून खाली दिसला तर पंपाच्या तोंडच्या त्या आट्यांपासून सुरुवात करायला सांगा.